दोन काळ्या वड्या

मित्रहो, या दोन काळ्या वड्या बघा. दोन्ही एकाच खलात घोटल्या, एकाच भट्टीत भाजल्या. नुसत्या डोळ्यांना फरक कळणार नाही. पहिली म्हणजे लँथॅनम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग. तिच्यात तांब्याच्या दर 100 अणूंमागे लँथॅनमचे 200 असतात. दुसरीत त्या 200 पैकी 16 काढून तिथे स्ट्रॉन्शियम बसवलंय. थंड करत गेलं की पहिली वीज अडवते. दुसरीचा रोध 38 केल्विनच्या आसपास शून्य होतो; हीच अतिसंवाहकता. हे 16 नेमके 16 राहावेत म्हणून फार जपावं लागतं. लँथॅनम ऑक्साइड हवेतली ओल ओढून घेतं. आधी तापवून मग वजन केलं नाही, तर सगळं प्रमाण बिघडतं. माझ्या सुरुवातीच्या कितीतरी वड्या अशाच वाया गेल्या.

मुळात पहिली वडी वीज अडवते कशी? तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे. साध्या हिशोबाने हा धातू असायला हवा. पण पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पाटावर एक जण बसलाय आणि एका पाटावर दोघांनी बसणं कुणालाच मानवत नाही. मग हलणार कोण? शिवाय एकाचं तोंड पूर्वेला, तर शेजाऱ्याचं पश्चिमेला. इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाची मांडणी अशीच आलटून-पालटून असते.

स्ट्रॉन्शियम लँथॅनमपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी देतं, म्हणजे एक पाट रिकामा होतो. शेजारचा तिथे सरकतो, पण त्याचं तोंड आता नव्या शेजाऱ्यांच्याच दिशेला, आणि मांडणी मोडते. अवघे 2 टक्के पाट रिकामे झाले की ती दूरवरची शिस्त संपते. 5-6 टक्क्यांपासून अतिसंवाहकता दिसते, 16 टक्क्यांना शिखर गाठते आणि 27 टक्क्यांच्या सुमारास मावळते. 1986 साली झुरिकजवळ बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना ती सापडली, तेव्हा स्ट्रॉन्शियमच्या जागी बेरियम होतं. गंमत म्हणजे त्याच बेरियमच्या वडीत साडेबारा टक्क्यांना ती जवळजवळ नाहीशी होते, कारण तिथे रिकामे पाट पट्ट्यापट्ट्यांनी रांगा लावून बसतात.

मला मात्र शिखरापेक्षा मोजदाद महत्त्वाची वाटते. वीज वाहणारे किती? असे पाट रिकामे करण्याला डोपिंग म्हणतात. कमी डोपिंगला उत्तर येतं, जेवढे पाट रिकामे तेवढेच. भरपूर डोपिंगला उत्तर येतं, रिकामे पाट अधिक प्रत्येक तांब्यामागे एक. म्हणजे तोवर खिळून बसलेली सगळी पंगतच हिशोबात येते! 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रान्समधल्या टूलूझला यट्रियमच्या क्युप्रेटवर, म्हणजे तांबं-ऑक्सिजनच्या अशाच एका संयुगावर, 88 टेस्लापर्यंतच्या चुंबकक्षेत्रात हे मोजलं गेलं. क्षेत्र इतकं प्रखर, कारण आधी अतिसंवाहकता दडपायची होती. तिच्याखाली काय आहे ते मग दिसतं. ही उडी 16 ते 20 टक्क्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात पडते. शिखरही तिथेच लागून आहे. आणि याच भागात, अतिसंवाहकता सुरू होण्याच्या वरच्या तापमानांना, रोध तापमानाबरोबर अगदी सरळ रेषेत वाढत जातो. नेहमीच्या धातूच्या कुठल्याच नियमात ही रेषा बसत नाही. पुढच्या आलेखात तीच रेषा दाखवतो.