माल कोणी आणला नाही? : एका क्वेरीचं निवेदन

(पडद्यावर: पहाट, निफाड रोड, कांद्याने भरलेले ट्रॅक्टर)

हे सगळे लासलगावला चाललेत. लिलाव होणार, वजन होणार, हिशोबपट्टी हातात पडणार, आणि हल्ली यातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी डेटाबेसात जाऊन बसते. आम्ही इकडे नाशकात, सातपूरला बसून एका व्यापाऱ्याचा असाच डेटाबेस सांभाळतो. त्यातली दोनच टेबलं, म्हणजे तक्ते, धरा: शेतकरी, म्हणजे कोण कोण आणि त्यांचे कोड, आणि आवक, म्हणजे कोणाचा माल आला. त्यांना प्रश्न विचारायचा तो एसक्यूएल भाषेत, त्यालाच क्वेरी म्हणतात.

एकदा शेठचा फोन आला. "या आठवड्यात आपल्याकडे कोणी कोणी माल आणला नाही, यादी द्या, फोन लावायचेत." म्हटलं त्यात काय, शेतकऱ्याचा कोड आवकेच्या यादीत नॉट इन, म्हणजे 'यादीत नाही', झालं काम. क्वेरी चालवली तर शून्य ओळी. शेठ म्हणे, "म्हणजे सगळे येऊन गेले की!" म्हटलं शेठ, थांबा जरा, चांदवडचे निम्मे लोक तर महिनाभर फिरकलेले नाहीत.

(पडद्यावर: आवक टेबल, एका ओळीत कोडची जागा रिकामी)

ही बघा भानगड. गेटवर गडबडीत कोणीतरी कोड न टाकताच पावती फाडली. रिकामी जागा म्हणजे नल, आणि नल म्हणजे शून्य नाही, नल म्हणजे 'माहीत नाही'. आता 112 नंबरचा शेतकरी घ्या, आणि आवकेत कोड धरा 5, 9 आणि ती रिकामी जागा. तो 5 आहे का, नाही. 9 आहे का, नाही. नल आहे का, तर माहीत नाही. मग तो यादीत नाही असं छातीठोक कसं सांगणार? आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, फक्त पक्क्या 'हो'लाच आत घेतं, त्यामुळे जो आला तोही बाहेर, जो नाही आला तोही बाहेर. एका पावतीने अख्खी यादी खाल्ली, आणि एरर पण नाही हो, हेच डोक्यात जातं.

'नाही' विचारायचा दुसरा मार्ग म्हणजे नॉट एक्झिस्ट्स, ते वेगळं विचारतं. या शेतकऱ्याशी जुळणारी एक तरी ओळ आहे का? नसेल तर घ्या त्याला यादीत. नलवाली ओळ कोणाशीच जुळत नाही, विषय संपला. आतल्या क्वेरीत सिलेक्ट वन (नुसता 1) लिहायचं की स्टार (सगळे कॉलम), यावर लोक तासभर भांडतात, फरक काहीच पडत नाही.

'नाही' विचारायचं असेल तर मी डोळे झाकून नॉट एक्झिस्ट्स लिहितो. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवाल्यांनी तर 'हे करू नका'च्या यादीतच नॉट इन टाकलंय. 'आहे'साठी मात्र इन मस्त चालतं, वाचायलाही सोपं. इन स्लो असतं हे अजून इंटरव्ह्यूत ऐकू येतं, ते मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या दिवसांचं, तेव्हा आतली क्वेरी बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी परत परत चालायची. 2013 च्या 5.6 आवृत्तीत सेमी-जॉइन आला, म्हणजे जुळणारी एक ओळ मिळाली की बास, तिथून बरंच सुधारलं. आणि काही जण थेट जॉइन मारतात, म्हणजे दोन्ही टेबलं जोडतात, मग ज्याने तीन ट्रॅक्टर आणले तो तीनदा दिसतो, मग वर डिस्टिंक्ट चिकटवा, म्हणजे प्रत्येक जण एकदाच दिसेल.

ऑल, म्हणजे 'यादीतल्या सगळ्यांशी' तुलना, कमी वापरतात, पण त्याची एक गंमत. कालच्या सगळ्या भावांपेक्षा जास्त भाव आज कोणाला मिळाला? काल लिलावच बंद असेल तर आतली यादी रिकामी, आणि रिकाम्या यादीवर ऑल खरं ठरतं, म्हणजे आजचे सगळेच विजेते! तेच मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा भाव, काढून तुलना केली तर मॅक्स नल येतो आणि एकही ओळ मिळत नाही. प्रश्न तोच, उत्तरं दोन टोकांची, तुम्हाला कुठलं हवंय ते शेठलाच विचारा.

(पडद्यावर: गेटवरची खिडकी, कॉम्प्युटर, मागे ट्रॅक्टरची रांग)

तर त्या रात्री क्वेरी बदलली, यादी दिली आणि शहाणपणा करून कोडच्या कॉलमला नॉट नल, म्हणजे 'रिकामं चालणार नाही', लावून टाकलं. सकाळी गेटवरून फोन, "दादा, एन्ट्री सेव्ह होत नाहीये, मागे रांग लागलीये." म्हटलं कोड टाक, होईल सेव्ह. टाकला त्याने. आता कोड माहीत नसला की तो पोरगा 9999 टाकतो.