तारेवरचं इंटरनेट: खरखर नेमकी कुठे?

(दृश्य: पिवळट पडलेलं रोझेट, म्हणजे फोनची तार जिथे जोडतात ती भिंतीवरची डबी. खिडकीबाहेर पाऊस.)

पहिला मोठा पाऊस झाला की टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट रांगायला लागतं. जिथे अजून फायबर पोचलेलं नाही, तिथे सगळी भिस्त तांब्याच्या दोन तारांवर. आपलं बोलणं त्यांच्यावर ४ किलोहर्ट्झच्या आत मावतं. एडीएसएल टू प्लस, म्हणजे याच तारांवरून इंटरनेट आणणारं तंत्र, मात्र २.२ मेगाहर्ट्झपर्यंत पसरतं. त्यामुळे फोन ठणठणीत असला तरी लाइन ठणठणीत आहे असं होत नाही.

आधी फोन उचला आणि एकच आकडा दाबा. डायल टोन थांबेल. आता कान द्या. तिथे खरखर ऐकू आली, तर मॉडेमची सेटिंग्ज चाळत बसू नका. दोष तारेत आहे.

शांतता असेल तर घरातले सगळे फोन काढून ठेवा आणि मॉडेम छोट्या वायरने थेट रोझेटला जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, बऱ्याच मॉडेमचं पान याच पत्त्यावर उघडतं. स्टेटसमध्ये दोन आकडे शोधा, दोन्ही डेसिबलमध्ये असतात. अटेन्युएशन म्हणजे एक्सचेंजपासून इथवर येताना सिग्नल किती विरला. तो ३० च्या आत असेल तर लाइन उत्तम. ५० च्या वर असेल तर तार लांब आहे, घरात खटपट करून फारसं हाती लागत नाही. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली उसंत. १० च्या वर निवांत, ६ च्या खाली गेलं की लाइन कधीही तुटणार.

आता मॉडेम जुन्या जागी न्या. मार्जिन धाडकन घसरलं? मग चोर घरातच आहे. पहिला संशय त्या चपट्या, पीळ नसलेल्या लांब वायरवर घ्यावा. ती आजूबाजूचा सगळा गोंगाट गोळा करते. मॉडेम रोझेटपाशीच ठेवा आणि लांबी लॅन केबलची वाढवा. ती १०० मीटरपर्यंत सहज चालते.

दुसरा संशय स्प्लिटरवर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या छोट्या डबीवर. फोनची घंटी वाजली की नेट जातं, ही त्याची खूण. बेडरूममधला पॅरलल फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला असतो आणि ते कोणाच्या लक्षातही नसतं.

(दृश्य: रोझेटचं झाकण निघतं. कॅमेरा स्क्रूवर.)

स्क्रूखाली पाहा. तांब्यावर हिरवट थर चढलाय. लाइनवर साधारण ४८ व्होल्ट असतात, घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. म्हणून काम सुरू करण्याआधी लाइन वेगळी करा. खराब टोक कापा, दीड सेंटिमीटर सोला, चकचकीत तांबं दिसलं की स्क्रू घट्ट आवळा. नुसतं घासून पुन्हा लावणं म्हणजे पुढच्या पावसाची उधारी.

एक गंमत लाइनमन मंडळींना चांगली ठाऊक असते. दोनपैकी एक तार तुटली तर फोन मुका होतो, पण नेट लंगडत का होईना, चालू राहू शकतं. वरच्या फ्रिक्वेन्सी तुटलेल्या जागेची फट ओलांडून जातात. म्हणून ‘नेट चालतंय, म्हणजे तार शाबूत’ हा हिशेब धरू नका.

घरात सगळं ठीक असेल तर तक्रार नोंदवा, आणि ‘स्लो आहे’ एवढंच न सांगता दोन्ही आकडे द्या. लाइनमन आला की डीपीवर, म्हणजे जिथून घरोघरी तारा फुटतात त्या बाहेरच्या पेटीवर, टेस्ट फोन लावून ऐकायला सांगा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर दोष डीपी आणि घर यांच्यामधल्या ड्रॉप वायरमध्ये. पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट दिसला तर तो कापायला लावा. जेली भरलेला कनेक्टर हवा. तार लांब असेल तर एक्सचेंजमधून स्पीडचं प्रोफाइल एक पायरी उतरवून घ्या. कागदावर वेग कमी होतो, पण मार्जिन वाढतं आणि तासातासाला तुटणं थांबतं.

(दृश्य: ड्रॉप वायर भिंतीत शिरते तिथे.)

आणि तार भिंतीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या. पाणी तिथूनच ठिबकून जातं, रोझेटपर्यंत येत नाही.