स्लीप स्टडीचा रिपोर्ट हाती आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. त्याबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. मी आज बोलणार आहे ते स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीत, त्याचं निदान झाल्यावर मनात बसणाऱ्या भीतीबद्दल. तपासायला येणारे कितीतरी जण सांगतात, "डॉक्टर, रिपोर्ट यायच्या आधी निदान झोप तरी लागत होती. आता पाठ टेकली की छातीत धडधडतं." पलीकडे बायको जागी असते, नवऱ्याचा श्वास ऐकत. दोघांचीही रात्र जाते.

आधी घशात नेमकं काय होतं ते पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येतो आणि हवेची वाट १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदूला ते कळतं. तो क्षणभर जाग आणतो, स्नायू आवळले जातात, वाट मोकळी होते. ही जाग सकाळी आठवत नाही, पण डोकं जड असतं आणि दुपारी पेंग येते. म्हणजे श्वास पुन्हा सुरू करण्याचं काम शरीर इतकी वर्षं रोज रात्री करत आलं आहे. रिपोर्टमुळे त्यात नवं काही घडलेलं नाही. मात्र उपचार टाळले तर वर्षानुवर्षं याचा ताण रक्तदाबावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर पडतो. म्हणून घाबरून जागं राहू नका, पण उपचार पुढेही ढकलू नका.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा असतो. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा निम्मा-अर्धा अडला, त्याची ती सरासरी. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. 'तीव्र' वाचून माणूस खचतो, कारण त्याला ती शेवटची पायरी वाटते. तसं नाही. झोपताना मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन नीट लागलं की बहुतेकांचा हाच आकडा ५ च्या आसपास किंवा खाली येतो, आणि त्याला वर्ष लागत नाही.

आता या सीपॅप मशीनबद्दल. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर ते जुळवलं आणि १९८१ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास देणं. एवढं समजलं तरी मास्ककडे बघण्याची नजर बदलते.

हे मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडून घसा उघडा ठेवतं. ते लावलं म्हणजे आपण 'ऑक्सिजनवर' गेलो, असं मुळीच नाही. दुसरी भीती वीज जाण्याची. मास्कला हवा बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतात, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडपही असते. त्यामुळे मशीन बंद पडलं तरी बाहेरची हवा आत येते. गुदमरत नाही, जाग येते आणि आपण मास्क काढतो. आणि सवय लागण्याचं म्हणाल, तर मशीन सोडल्यावर मूळचा त्रास परत येतो, एवढंच. शरीर त्याचं व्यसन धरत नाही.

तरीही तोंडावर मास्क आला की काहींचा जीव घाबरा होतो. हे खोटं नाही, नाटक नाही. अशांनी रात्री झगडू नये. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून नुसता मास्क हातात घेऊन नाकाशी धरा. ते जमलं की पट्टे लावा. मग नळी जोडून मशीन चालू करा, बसल्या बसल्या. त्यानंतर दुपारची वामकुक्षी, आणि मग रात्र. एका पायरीवर आठवडा गेला तरी चालेल. दाब हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्या. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं पाण्याचं भांडं, लावा, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. मास्क टोचत असेल, हवा डोळ्यांवर येत असेल, तर माप चुकलंय. दोन-तीन प्रकार लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून अनेकांच्या उशाशी असतो. रात्री जाग आली की बोटाला लावायचा. जागेपणी तो आकडा ठीकच दिसणार, त्यातून आजार कळत नाही, झोप मात्र उडते. तो कपाटात ठेवा.

चिंतेपोटी कोणी झोपेची गोळी घेतं, कोणी दोन पेग. दारूने घसा आणखी सैलावतो, आणि काही गोळ्यांनीही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. दिवसा पेंग येत असेल तर उपचार स्थिरावेपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

घरच्यांना एक सांगणं. मशीनवरून थट्टा करू नका. मुलाचं लग्न ठरायचंय म्हणून ते पाहुण्यांपासून लपवूही नका. लग्नाला गावी जाल तेव्हा ते बॅगेत सोबत न्या.

महिनाभर हळूहळू सराव करूनही रात्र आली की धडकी भरत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाताना मास्क आणि मशीन बरोबर न्या. तिथेच लावून दाखवा आणि नेमकं कुठे घाबरायला होतं, ते सांगा.