३०१ की ३०२?

मंडळी, वेबसाइटवरचं पान हललं की जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर धाडावं लागतं, यालाच रीडायरेक्ट म्हणतात. त्यासाठी सर्व्हर मुख्यतः दोनच गोष्टी सांगतो: एक तीन अंकी कोड आणि ‘लोकेशन’ नावाची ओळ, तिच्यात नवा पत्ता. पत्ता सहसा कुणी चुकवत नाही. घोळ होतो तो कोडमध्ये. ३०१ म्हणजे कायमचं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. पण ‘गुगलला ३०१ लागतं’ एवढं कानावर पडलेलं असतं, त्यामुळे लोक ३०१ लावून मोकळे होतात.

समजा, तुमच्या मासिकाचा दिवाळी अंक निघाला. होमपेजवर येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ३०१ लावून अंकाच्या पानाकडे वळवलंत. तुळशीचं लग्न उरकलं, रीडायरेक्ट काढला. नव्या फोनवर उघडून पाहिलं तर सगळं ठीक. दिवाळीत येऊन गेलेला वाचक मात्र अजून अंकाच्याच पानावर! कारण ३०१ मिळालं की ब्राउझर ते आपल्या कॅशमध्ये, म्हणजे स्वतःजवळच्या साठ्यात, ठेवतो आणि पुढच्या खेपेला सर्व्हरला विचारायलाच येत नाही. किती दिवस ठेवायचं हे तुम्ही सांगितलं नसेल, तर तेही तोच ठरवतो. म्हणजे भोगतो कोण? तुमचा नेहमीचा वाचक. नवख्याला काहीच जाणवत नाही.

३०२ला ब्राउझर एरवी दरवेळी सर्व्हरला विचारतो. एक जादा फेरी पडते, पण निर्णय तुमच्या हातात राहतो.

आता गुगल. ३०१ दिसलं की नवा पत्ता खरा, असा भक्कम संकेत त्याला मिळतो. ३०२चा संकेत कच्चा. म्हणून डोमेनच बदललं असेल तर ३०१ला पर्याय नाही, आणि तो निदान वर्षभर ठेवा असं गुगलच सांगतं. जुन्या डोमेनचे पैसे वाचवायला तो त्याआधीच बंद केलात, तर ही काटकसर महागात पडते.

फॉर्म किंवा एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय) असेल तर तात्पुरत्यासाठी ३०७ आणि कायमच्यासाठी ३०८ वापरा. ३०१-३०२वर ब्राउझर ‘पोस्ट’चं (माहिती पाठवणाऱ्या विनंतीचं) ‘गेट’ (नुसतं पान मागणारी विनंती) करून टाकतात, भरलेली माहिती वाटेतच गळते.

माझी पद्धत अशी: डोमेन बदलतानाही आधी ३०२ लावायचं, कर्लने (सर्व्हरचं उत्तर जसंच्या तसं दाखवणारं कमांड लाइनवरचं साधन) कोड आणि पत्ता तपासायचा, खात्री पटली की ३०१ करायचं. तेही सुरुवातीला ‘मॅक्स-एज’, म्हणजे कॅशमध्ये ठेवायची मुदत, तासाभराची देऊन.

‘आधीच ३०१ लावून बसलोय, आता काय?’ असं मघाशी कुणीतरी विचारलं. वाचकाच्या ब्राउझरमध्ये तुम्हाला हात घालता येत नाही. पण तो जिथे जाऊन पडतो ते पान तर तुमचंच आहे ना? अंक दुसऱ्या पत्त्यावर हलवा आणि अंकाच्या जुन्या पत्त्यावरून वाचकाला होमपेजकडे परत पाठवा, होमपेजच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि एखादं अक्षर जोडून. ब्राउझरच्या लेखी तो निराळा पत्ता ठरतो, त्यामुळे कॅश आड येत नाही. आणि हा रीडायरेक्ट तरी ३०२ ठेवा.