सा हलतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

तुर्कस्तानचं शास्त्रीय संगीत पहिल्यांदा ऐकलेला आपल्याकडचा रसिक बहुधा दोन तक्रारी करतो. एक, सूर उतरल्यासारखे वाटतात. दुसरी, मध्येच काहीतरी हातातून निसटतं. पहिल्या तक्रारीवर फार वेळ घालवत नाही. तिथे एका पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग मानतात, त्यांना 'कोमा' म्हणतात, आणि आपल्या कोमल-शुद्धच्या मधल्या जागा राजरोस वापरतात. कान दोन-तीन दिवसांत सरावतो. मला बोलायचंय ते दुसऱ्या तक्रारीबद्दल. जे निसटलं, ते बहुतेक वेळा मकाम, म्हणजे आपल्या रागासारखी चौकट, बदलला म्हणून. या बदलाला तिथे 'गेचकी' म्हणतात.

मकाम म्हणजे नुसते आरोहातले स्वर नव्हेत, हे भूप आणि देशकार हे एकाच स्वरांचे दोन राग ऐकणाऱ्यांना समजावून सांगायला नको. हुसेनी आणि मुहय्यर या मकामांचे स्वर एकच. पण हुसेनी पंचमाच्या आसपास सुरू होतो आणि मुहय्यर तार षड्जापासून खाली उतरतो. या चालीला 'सेयिर' म्हणतात. मकामाचा न्यासस्वर, म्हणजे शेवटी विसावायचा स्वर, ठरलेला असतो, आणि मध्ये टेकायचा एक भक्कम स्वरही ठरलेला असतो.

आता एक गेचकी जवळून पाहू. ने वाजवणारा, म्हणजे बोरूची उभी बासरी वाजवणारा, 'रास्त' मकामात आहे असं समजा. सोयीसाठी आपली सरगम घेऊ: सा, रे, ग, म, प, गंधार जवळपास आपला शुद्ध गंधारच. तो पंचमावर रेंगाळतो, खाली येतो, आणि या वेळी सा वर न थांबता रे वर थांबतो. नुसता थांबतो. मग पुन्हा गंधार घेतो, पण किंचित उतरवून, आणि परत रे वर. दोन-तीनदा असं झालं की तो रे राहत नाही, तोच सा होतो. आपण 'उश्शाक' मकामात आलो. एकही परका स्वर आला नाही. फक्त टेकायची जागा सरकली आणि एक स्वर जरासा कलला. तेही ने फुंकताना मान तिरकी करून साधतं.

इथून पुढे त्याने या नव्या सा चा मध्यम खाली ओढला, की 'सबा' सुरू होतो. उस्मानी इस्तंबूलच्या रिवाजात पहाटेची अजान सबामध्ये देत. त्या एका दबलेल्या मध्यमाने सगळा रंग पालटतो. उलट, रास्तमधून 'निहावेंद'मध्ये जायचं तर सा जागचा हलत नाही, गंधार कोमल होतो. हा बदल आपल्याला चटकन कळतो. पहिला, रास्तमधून उश्शाकमध्ये जाणारा, कळत नाही.

का कळत नाही? माझ्या मते याचं कारण तानपुरा. आपला कान लहानपणापासून अखंड वाजणाऱ्या सा वर वाढलेला. आपल्याकडे गायक मूर्च्छनेची, म्हणजे दुसऱ्याच स्वराला सा मानण्याची, गंमत दाखवतो, तेव्हाही मागे पहिला सा झंकारतच असतो, म्हणून ती गंमतच राहते. तुर्की संगीतात असा न थांबणारा तानपुरा नाही. तक्सीम, म्हणजे तालाविना केलेली आलापी, चालू असताना कधी साथीदार एखादा स्वर धरून ठेवतो, त्याला 'देम' म्हणतात. पण तो स्वर बदलू शकतो. पाया हलवता येतो म्हणूनच गेचकीला एवढा वाव आहे. आपण मात्र मनातल्या मनात पहिला सा धरून बसतो आणि म्हणतो, निसटलं.

वाद्यांची घडणही याला धरूनच आहे. कानून पाहा. मांडीवर घेऊन नखी लावून वाजवायचं वाद्य, प्रत्येक स्वराला बहुधा तीन तारा, आणि तारांच्या डाव्या टोकाला 'मंडाल' नावाच्या चिमुकल्या खिट्ट्यांची रांग. उजवा हात वाजवत असताना वादक डाव्या हाताने खिट्टी पाडतो किंवा उचलतो, आणि तो स्वर एखाद-दोन कोमांनी चढतो-उतरतो. बघायला मिळालं तर डाव्या हातावर नजर ठेवा. बदल कानाआधी डोळ्यांना कळतो.

काही वाटा इतक्या रुळल्या की त्यांचेच स्वतंत्र मकाम झाले. सबा गाऊन शेवटी खाली 'इराक' नावाच्या स्वरावर उतरलं की 'बेस्तेनिगार' होतो. आपल्या जोड रागांची आठवण होते ना? १७८९ ते १८०७ गादीवर असलेला सुलतान तिसरा सेलीम स्वतः संगीतकार होता. 'सुझिदिलारा' हा मकाम त्याच्या नावावर आहे. आणि 'कार-इ-नातिक' नावाची एक रचनाच अशी आहे की तिच्या ओळीत ज्या मकामाचं नाव येतं, त्याच मकामात ती ओळ बांधलेली असते. हम्मामीझादे इस्माईल देदे एफेंदी यांची (१७७८–१८४६) रास्तमधली अशी रचना प्रसिद्ध आहे. पाठांतराला आणि शिकवायला याहून हुशार साधन मला ठाऊक नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? तनबूर हे तंतुवाद्य वाजवणारे तनबुरी जेमील बे १९१६ साली गेले, पण त्यांच्या तक्सीमांच्या जुन्या तबकड्या आज सहज ऐकता येतात. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, आणि तेवढ्यात ते किती फिरून येतात पाहा! मात्र नवख्याने तिथे जाण्याआधी एखादी 'साझ सेमाई', म्हणजे वाद्यांसाठी बांधलेली रचना, घ्यावी. तिचे चार खंड असतात, प्रत्येकानंतर 'तेस्लीम' हे पालुपद मूळ मकामात येतं. चौथ्या खंडात दहा मात्रांचा ताल सहसा बदलतो, तिकडे सध्या दुर्लक्ष करा. गेचकी बहुधा तिसऱ्या खंडात सापडते. तेव्हा पहिला न्यासस्वर हलकेच गुणगुणत राहा, तो खटकायला लागेल तिथे गुणगुणणं थांबवा, आणि तेस्लीम येईपर्यंत नुसतं ऐका.