मागची बाजू

हा उजवा हात ताईचा. मधल्या बोटात अंगुस्तान, सुई दहा नंबरची. क्विल्टिंगच्या, म्हणजे थरांची गोधडी टाचायच्या, सुयांचा नंबर वाढतो तशी सुई आखूड होत जाते. नवशिक्यांना ही धरवतसुद्धा नाही. डावा हात फ्रेमखाली आहे, म्हणून दिसत नाही. पण निम्मं काम त्याचंच. सुई उभी खाली जाते, टोक बोटाला जेमतेम लागलं की ते बोट कापड वर उचलतं आणि वरचा अंगठा पुढची जागा दाबून धरतो. सुई आडवी, पुन्हा उभी. तीन-चार टाके चढले की मग दोरा ओढायचा. वरचं जोडकाम, मधला कापूस, खालचं अस्तर, तिन्हींतून टाका गेला पाहिजे आणि खालूनही वरच्याइतकाच दिसला पाहिजे.

आता हा बारीक ‘टक्’ ऐका. दोऱ्याला गाठ मारायची, सुई वरच्या कापडातून कापसात घालून थोडी पुढे काढायची आणि हलका हिसका द्यायचा. गाठ आत शिरते, कापसात अडकून बसते. ना वर दिसते ना खाली. वर्ग आम्ही दोघी मिळून घ्यायचो. कापणं-जोडणं माझ्याकडे, टाके तिच्याकडे. हिसका जास्त बसला की गाठ परत बाहेर येते आणि शिकणारी हिरमुसते. अशा वेळी ताई नुसती शेजारी जाऊन बसायची. बोलायची नाही.

मात्र कुणाचं बोट टोचून कापडावर रक्त सांडलं की तिचाच आवाज आधी, “जिचं रक्त, तिचीच थुंकी!” क्विल्टवाल्यांचा जुना तोडगा. डाग ताजा असेल तर चालतोही.

ही क्विल्ट तिने पूर्ण केलेली. उलटून बघू. अस्तर स्वच्छ, टाके एकसारखे, नाव कुठेच नाही. तिने कधी घातलंच नाही. “पांघरणाऱ्याला माहीत आहे ना,” म्हणायची. यावर आमचं कधी पटलं नाही.

मी तिला हॅरिएट पॉवर्सचं उदाहरण द्यायची. जन्म १८३७, अमेरिकेतल्या जॉर्जियात, गुलामगिरीत. तिच्या दोनच क्विल्ट आज ठाऊक आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात. पहिली तिने १८९१ मध्ये पैशांच्या अडचणीपायी ५ डॉलरला विकली. घेणाऱ्या जेनी स्मिथने प्रत्येक चौकटीत काय आहे ते तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवलं, म्हणून त्या आकृत्यांचा अर्थ आपल्यापर्यंत पोचला. जेनी स्मिथ प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. ताई हसून पुढचा दोरा ओवायची.

आजारपण फार लांबलं नाही. ताई गेली.

फ्रेमवर ही राहिली होती. कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून हाताचे टाके मधून सुरू करून बाहेर नेतात. त्यामुळे मधला भाग सगळा तिचा. इथून पुढे आम्ही. फरक सांगायला नको. आमचे टाके लांब आहेत, दोन ठिकाणी तर ओळही वाकली आहे. मशीनवर झटकन संपवू, असं सुचवणाऱ्या होत्या. मी अडून बसले. उसवून सारखं करायलाही नकार दिला.

आणि हे लेबल. सुती कापड, न पुसणारी शाई. ताईचं पूर्ण नाव, वर्ष, खाली ‘मधले टाके तिचे, कडेचे आमचे’. लेबलच्या दोन बाजू कडेच्या पट्टीत दाबून शिवल्या आहेत. कुणाला काढायचंच असेल तर पट्टी उसवावी लागेल, एवढी सोय मी करून ठेवली आहे.

तिने भेट दिलेल्या बाकीच्या क्विल्ट कुठेकुठे आहेत, याची यादी आता आम्ही करतोय. ओळखायची खूण सांगते. चारही कोपऱ्यांवर पट्टीची तिरकी घडी पुढून-मागून बारीक टाक्यांनी बंद केलेली असते; बहुतेक जणी ती तशीच सोडतात. तुमच्याकडे अशी एखादी असेल तर कळवा. लेबल आम्ही लिहून पाठवू, शिवायचं तेवढं तुम्ही बघा.