नाव नसलेल्या पुडीतलं बी

पुडीवरचं नाव पुसलं गेलं, की बी ओळखताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. तिथेच फसगत होते. जुनं बी काळवंडतं, आणि विकतच्या कितीतरी बियाण्यांना बुरशीनाशकाचा गुलाबी नाहीतर निळा-हिरवा हात दिलेला असतो. असं बी दाताखाली धरून पाहू नये, ते विषारी असतं.

पांढरा कागद, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मिलिमीटरची पट्टी, एवढं पुरतं. आधी आकार, मग कड, मग पाठ.

हे दोन दाणे पाहा. दोन्ही काळे, चपटे, जवळपास सेंटिमीटरभर लांब. पहिल्याची पाठ खडबडीत, खाचखळग्यांची, तो दोडका. दुसरा गुळगुळीत आणि भोवती पापुद्र्यासारखी पातळ कड, ते घोसाळं.

टोमॅटो, मिरची आणि वांगं एकाच कुळातली, त्यामुळे तिन्हींचं बी चपटं. टोमॅटोच्या बियांवर राखाडी लव दिसते, पण घासून साफ केलेल्या बियांवर ती उरत नाही. मिरचीचं बी फिकट पिवळं, तिन्हींत मोठं. वांग्याचं लहान आणि तकतकीत.

मसाल्यातली कलौंजी कांद्याचं बी म्हणून सर्रास विकली जाते. दोन्ही काळी, कोनदार. चिमूटभर चुरडा: कलौंजीला मसाल्याचा वास सुटतो. कलौंजी पेरून कांदा येणार नाही. कांद्याचा कोंब तर पाहताक्षणी कळतो, सुईसारखा आणि मधोमध दुमडून वर येतो.

धान्यात बाजरीचा दाणा करडा, एका टोकाला निमुळता. नाचणी तांबूस, गोल. भिंगाखाली तिची पाठ रवाळ दिसते. राजगिऱ्याचा दाणा जेमतेम मिलिमीटरभर, फिकट, चपटा, कडेला काठ असलेला. असाच दाणा काळा आणि चकचकीत निघाला तर बहुधा माठ नाहीतर तांदुळजा. त्या दोघांत नुसत्या बियांवरून निवाडा करू नये.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचंही तेच. सगळे गोल, तपकिरी, मोहरीएवढे. दहा दाणे ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. पहिली दोन पानं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, सगळ्यांची सारखीच येतात, त्यावरून काही ठरवू नका. नवलकोलचा देठ जमिनीलगत फुगू लागला, की तो वेगळा काढता येतो. कोबी आणि फ्लॉवरसाठी मात्र गड्डा धरेपर्यंत थांबलेलं बरं.